पुढची ओळ

बदलापूर
गुरुवार, ३ एप्रिल २०२५

भारतीताईंस जय ख्रिस्त.

चार दिवस तुम्हाला फोन लावतोय. आधी नुसता वाजत राहायचा, आता एकदा वाजून बंद पडतो. त्याचा अर्थ मला कळतो, म्हणून पत्र लिहायला बसलो. हातानं लिहायची सवय सुटली आहे, अक्षर लावून घ्या.

रविवारी प्रवचन चालू असताना तुम्ही उठून गेलात. आधी वाटलं, उकाड्यानं घाबरं झालं असेल; तिसऱ्या बाकावरचा पंखा महिनाभर बंद आहे आणि तो दुरुस्त करून घेणं माझ्याकडूनच राहिलंय. पण तुमच्या आई, सरस्वतीमावशी, तुमच्या मागे आल्या नाहीत. वळूनही पाहिलं नाही त्यांनी. ख्रिस्तप्रसाद घ्यायची वेळ आली तरी त्या बाकावर तशाच बसून होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकलं आहे.

काय झालं ते नीट सांगतो. माझ्या लॅपटॉपवरची डिजिटल लायब्ररी तुम्ही पाहिली आहे. जानेवारीत तुमच्या वडिलांच्या वह्या घेऊन आलात तेव्हा मीच हौसेनं दाखवली होती. रविवारची तारीख टाकली की त्या दिवसाची वाचनं समोर येतात आणि बाजूला, त्यांच्यावर आजवर कुणी काय लिहिलंय, त्याची रांग लागते. संतांची प्रवचनं, पोपची पत्रं, ग्रीक शब्दांचे कोश. सेमिनरीत ज्या ग्रंथासाठी आम्ही आठ-आठ दिवस नंबर लावून बसायचो, तो इथे बोटाखाली येतो. अडचण एकच की सगळं इंग्रजीत आहे, आणि आपल्या माणसांना सांगावा असा दाखला त्यात सापडत नाही. चौथ्या शतकातला बिशप कितीही थोर असला तरी त्याला आपल्या बदलापुरातला कात्रपचा चौक ठाऊक नसतो.

म्हणून तर मी तुमच्या वडिलांच्या, मधू मास्तरांच्या, वह्या मागितल्या होत्या. अडतीस वह्या. आठवडाभर शाळा शिकवून मास्तर रविवारी वांगणी आणि बारवीकडच्या पाड्यांवर प्रार्थना घ्यायला जायचे, जिथे धर्मगुरू महिन्यातून एकदा पोचला तर पोचला. त्यासाठी प्रत्येक प्रवचन ते आदल्या दिवशी वहीत लिहून काढायचे. अक्षर असं वळणदार की मी मोबाइलनं फोटो काढले आणि अॅपनं ते आपलं आपण टाइप करून दिलं. ते सगळं मी 'मास्तरांच्या वह्या' या नावानं लायब्ररीत घातलं. आता 'क्षमा' असा शब्द टाकला की रोमच्या संतांच्या खालोखाल मास्तर येतात.

रविवारचं शुभवर्तमान उधळ्या पुत्राचं होतं, घरी परतलेल्या मुलाला बाप धावत जाऊन मिठी मारतो ते. मी 'बाप, मुलगा, दार' असे शब्द टाकले आणि सॉफ्टवेअरनं एक उतारा पुढे केला. पुरात भिजत मुलगा घरी परत येतो, बाप दार उघडत नाही, आणि मुलगा बहिणीसाठी शिवून आणलेली जीन्सची पँट पिशवीत घालून कडीला अडकवून निघून जातो. सॉफ्टवेअर एका वेळी तीनच ओळी दाखवतं. पान कुठलं, साल कुठलं, पुढे काय लिहिलंय, हे पाहायला आणखी क्लिक करावं लागतं. मला वाटलं, मास्तरांनी रचलेला दाखला असेल, म्हणून प्रवचनात तोच सांगितला. आम्ही लोक रचतो असे. कुणाच्या घरात घडलेलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा. ईस्टरच्या आधी भेटून बोलू या.

आपला,
फा. ऑल्विन


बदलापूर
मंगळवार, १५ एप्रिल २०२५

भारतीताई,

पहिलं पत्र मी तुमच्या घरी, मांजर्लीच्या पत्त्यावर टाकलं होतं. तुम्ही तिथे नाही हे मला अनंताकाकांकडून कळलं. चर्चची दारं उघडणारे, मेणबत्त्या लावणारे अनंताकाका मेणबत्त्यांपेक्षा बातम्याच जास्त लावतात हे तुम्ही जाणता, पण या वेळी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. तुम्ही कपडे घेऊन खरवईला, तुमच्या हॉस्पिटलातल्या पद्मजा सिस्टरांच्या खोलीवर गेलात आणि मावशी घरी एकट्या आहेत. निघताना मावशींना तुम्ही एकच वाक्य बोललात म्हणे: "तू आत होतीस आणि गप्प बसलीस."

ते वाक्य माझं आहे. प्रवचनात मी म्हणालो होतो, "आई आत होती आणि गप्प होती."

रविवारी दुपारी मांजर्लीला जाऊन आलो. मावशींनी चहा केला. कप माझ्या हातात दिला आणि समोर भिंतीला टेकून बसल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "तुमी खोटं न्हाय बोलला, फादर. खरं तेच बोलला. पर तिला ते म्या सांगायचं व्हतं." चहा गार झाला तसा मी निघालो.

म्हणून मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करतो. दाखला रचलेला आहे असं मला वाटलं, हे खरं नाही. तो मास्तरांच्या घरातलाच आहे हे मला माहीत होतं. उताऱ्यात मांजर्लीचं नाव होतं, घरात नदी शिरल्याचं होतं. मी नाव गाळलं आणि 'नदीकाठच्या गावातला एक बाप' असं केलं. नाव गाळलं की माणूस झाकला जातो, अशी आम्हा प्रवचनकारांची समजूत असते.

आणि जानेवारीतलं तुमचं बोलणं मी विसरलो नव्हतो. वह्यांचं खोकं चर्चच्या पायरीवर ठेवून तुम्ही चहा घेत बसला होतात. हे तुम्ही पापनिवेदनात सांगितलं असतं तर मेलो तरी कागदावर आणता आलं नसतं. पायरीवर सांगितलंत, म्हणून लिहितो. "फादर, नितीन माझ्यामुळे गेला," असं तुम्ही म्हणालात, अगदी पेशंटचा ताप सांगावा इतक्या साध्या आवाजात. नितीन एकोणीस वर्षांचा. आयटीआय सोडून उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायला लागला होता आणि हे त्यानं फक्त बहिणीला सांगितलं होतं. तुम्ही ते मास्तरांना सांगितलंत. घरात भांडण झालं, तो निघून गेला. दोन महिन्यांनी, दोन हजार पाचच्या पुरात तो वाहून गेला, तेव्हा तुम्ही नाशिकला नर्सिंगच्या ट्रेनिंगला होतात. घरच्यांनी तुम्हाला सांगितलं की तो घरापर्यंत आलाच नाही. आणि महिन्याभरानं एक जीन्सची पँट तुमच्या हातात दिली, कारखान्याच्या शेठनं पाठवली म्हणून. ती तुम्ही एकदाही घातली नाही. कपाटात खालच्या कप्प्यात आहे असं तुम्ही म्हणाला होतात.

ताई, मी वेदीवर बोलत होतो, पिशवीच्या वाक्याशी आलो आणि तिथे मला हे सगळं जोडता आलं. पण तोवर वाक्य तोंडातून गेलेलं होतं. देवाशपथ, आधी सुचलं असतं तर बोललो नसतो.

मावशींना एकटं ठेवू नका. वय झालंय त्यांचं. दोष द्यायचा तर मला द्या.

ऑल्विन


बदलापूर
शुक्रवार, २ मे २०२५

भारतीताई,

माझं पहिलं पत्र मांजर्लीहून तुमच्यापर्यंत पोचून परत आलं. पाकीट फोडलेलं, पुन्हा चिकटवलेलं, आणि मागच्या बाजूला बॉलपेननं तुमची एक ओळ: "तीन ओळींच्या पुढची ओळ वाचली होती का?"

हो, वाचली होती.

हे दोन शब्द लिहायला मला अकरा दिवस लागले. मधे ईस्टरचा आठवडा होता, माणसं होती, आजारी माणसांच्या घरी जायचं होतं. पण ती सगळी सबब झाली. आता सुरुवात केलीच आहे तर पूर्ण सांगतो.

सॉफ्टवेअर सगळं लक्षात ठेवतं. कुठलं पान कधी उघडलं त्याची नोंद राहते. तुमची ओळ वाचल्यावर मी ती नोंद उघडून पाहिली, जणू मला स्वतःला आठवत नव्हतं. शनिवार, २९ मार्च, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. मी पूर्ण पान उघडलं होतं आणि ते वीस मिनिटं समोर होतं. चांगल्या ओळींवर मी पिवळा रंग मारला होता आणि बाजूला खूण केली होती: 'दाखला, उत्तम'. पिवळा रंग पिशवीच्या वाक्यापर्यंत येतो आणि थांबतो. त्याच्या पुढच्याच ओळीवर नाही. म्हणजे मी काय करतोय हे मला पुरतं ठाऊक होतं.

ती ओळ इथे लिहावी की नाही याचा फार विचार केला. तुमच्यापासून हे दोघांनी लपवलं, आणि तिसरा मी होतो. आता पुरे. मास्तरांनी दोन हजार सातच्या, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात लिहिलंय: "हे वाचून दाखवायचे नाही. भारती समजते, तिने चुगली केली म्हणून तो गेला. समजू दे. खरे कळले तर ती मला पुन्हा बाबा म्हणणार नाही, याची मला भीती वाटते."

मी हे वाचलं. तुम्ही वीस वर्षं काय उराशी घेऊन फिरताय ते मला पायरीवर सांगितलं होतं, आणि ते खोटं आहे याचा कागद आता माझ्या पुढ्यात होता. मांजर्लीला जायला रिक्षानं दहा मिनिटं लागतात. तुमची त्या दिवशी सकाळची ड्युटी होती, साडेतीनला तुम्ही घरी असता. मी येऊन दार लावून तुम्हाला आणि मावशींना समोरासमोर बसवायला हवं होतं. त्याऐवजी मी प्रिंट काढली.

का, ते सांगतो. ऐकून तुम्हाला किळस येईल, मलाही येते. आदल्या रविवारी अनंताकाका वेदीवरची फुलं काढताना सहज बोलून गेले, "मास्तर बोलायचे तवा मानसं रडायची. तुमी बोलता तवा मानसं घड्याळ बगत्यात." मी हसलो आणि आठवडाभर ते वाक्य घेऊन फिरलो. दोन पदव्या, परदेशातला एक कोर्स, हजारो ग्रंथांची लायब्ररी, आणि माणसं घड्याळ बघतात. तो उतारा दिसला तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती तुमची नव्हती. या वेळी कुणी घड्याळ बघणार नाही, हे आलं.

कुणी बघितलंही नाही. तीनशे माणसांच्या चर्चमध्ये मला पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मला ती शांतता आवडली, ताई. तुम्ही उठलात तेव्हासुद्धा मी थांबलो नाही. माझी अजून चार वाक्यं राहिली होती आणि ती चांगली होती. मिस्सेची उपासना संपल्यावर लोक हात मिळवायला रांगेत उभे होते, आणि मी मिळवला. त्याच वेळी मावशी एकट्या पायऱ्या उतरत होत्या, हे मी पाहिलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे. ती तुम्ही विचारलेली नाही, कारण तुम्हाला ती माहीतच नाही.

"आई आत होती आणि गप्प होती" हे मास्तरांचं वाक्य नाही, ते मी केलेलं आहे. वहीत असं आहे: "आई उठली. तेव्हा बापाने दाराला पाठ लावून बसून घेतले. तिने दोन्ही हातांनी त्याला ओढले. तो हलला नाही." मी ते कापलं. बोलायला लांबतं, जोर जातो, म्हणून कापलं. छोटं वाक्य जास्त लागतं हे आम्हाला सेमिनरीत शिकवतात. लागलं ते मावशींना.

त्या उठल्या होत्या. त्यांच्यापेक्षा दुप्पट अंगाच्या माणसाला त्यांनी ओढलं होतं. वीस वर्षं गप्प बसल्या हे खरं, त्याचं उत्तर त्या देतील. पण त्या दुपारी त्या गप्प नव्हत्या.

आणि नितीन तुमच्यावर रागावलेला नव्हता. हे तुमचं तुम्हाला कळलंच असेल, मी सांगायला नको, तरी लिहितो. ज्या बहिणीवर राग आहे तिच्या मापाची पँट कुणी शिवत नाही. तो पँट घेऊन घरी आला होता.

क्षमा मागत नाही. ती मागून तुमच्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल.

ऑल्विन


बदलापूर
शनिवार, २४ मे २०२५

भारतीताई,

उत्तराची वाट पाहिली नाही, तरी टपालवाला आला की बाहेर येतो. ते असो. जे केलं ते कळवतो.

मागच्या रविवारी वेदीवर उभं राहून सांगितलं की प्रायश्चित्तकाळात मी जो दाखला दिला तो दाखला नव्हता. एका घराची ती खाजगी गोष्ट होती, मी ती न विचारता घेतली, आणि वर मोडूनतोडून सांगितली. आई गप्प नव्हती हेही सांगितलं. नाव घेतलं नाही. ज्यांना समजायचं त्यांना समजलं, आणि ज्यांना आधी समजलं नव्हतं त्यांनाही आता समजलं असेल. हे करून बरं केलं की आणखी वाईट, मला खरंच कळत नाही. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. पुन्हा विचारलं नाही. पण मावशी आलेल्या होत्या, तिसऱ्या बाकावर, आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठल्या.

प्रवचनाचं रेकॉर्डिंग कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकलं होतं. कॉयरमधल्या राजसीनं आपल्या ग्रुपवरून ते काढून टाकलं. त्याच्यापुढे जिथे गेलं असेल तिथून मला आणता येत नाही. लायब्ररीतून 'मास्तरांच्या वह्या' काढल्या, मोबाइलमधले फोटो पुसून टाकले. "कायमचं काढायचं का?" असं सॉफ्टवेअर दोनदा विचारतं. तेवढी अदब मला असती तर बरं झालं असतं.

आता बाकीचे ग्रंथ वापरतो आणि चार मिनिटं बोलतो. अनंताकाका म्हणतात, "हे बेस हाये. घड्याळ बगायला टाइमच गावत न्हाय."

वह्या परत करायच्या म्हणून एकेक पान हातानं उलटून पाहिलं, माझी काही खूण किंवा चिठ्ठी आत राहिली आहे का ते बघायला. वाचायचं नाही असं ठरवलं होतं, पण कोऱ्या पानांवर डोळा थांबतोच. दर तीन वर्षांनी प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी उधळ्या पुत्राचं वाचन येतं. दोन हजार दहा, तेरा, सोळा, एकोणीस: मास्तरांनी प्रत्येक वेळी वर तारीख लिहिली आहे, खाली वाचनाचं नाव, त्याखाली सरळ रेघ. मग पान कोरं. पुढच्या रविवारी पुन्हा दोन-दोन पानं भरून लिहिलेलं. मी अनंताकाकांना विचारलं, त्या रविवारी पाड्यावर कोण जायचं? ते म्हणाले, "म्या जायचो. त्या टायमाला मास्तरला हमखास ताप यायचा."

शब्द टाकून शोधणाऱ्याला कोरी पानं सापडत नाहीत. मला वह्या मिळून पाच महिने झाले आणि ही पानं मी काल पहिल्यांदा पाहिली.

शेवटचं पान दोन हजार बावीसचं, मास्तर जायच्या आदल्या वर्षीचं. वर त्यांचीच तारीख, त्यांचीच रेघ. पण खाली पेन्सिलनं लिहिलेलं आहे, मोठी वाकडी अक्षरं, ओळी खाली घसरत गेलेल्या. अॅपला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नव्हतं, डाग समजून सोडून दिलं असणार. साठीनंतर मास्तरांनी मावशींना गाण्याचं पुस्तक वाचण्यापुरती अक्षरं शिकवली होती, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

पहिले दोन शब्द वाचले. "भारती बाय". पुढे अर्धं पान भरलेलं आहे.

मी वही मिटली. पुढची ओळ वाचली नाही. या वेळी खरंच नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावर तुम्ही का विश्वास ठेवावा, हेही मला कळतं.

ऑल्विन


बदलापूर
मंगळवार, १७ जून २०२५

भारतीताई,

हे शेवटचं पत्र. यापुढे लिहून त्रास देणार नाही.

काल वह्यांचं खोकं मांजर्लीला पोचवलं. सदतीस वह्या खोक्यात ठेवल्या होत्या आणि ती एक हातात धरली होती. मावशींना पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा शोधला, लावला, आणि पानावरून बोट फिरवलं, वाचल्यासारखं नाही, नुसतं फिरवलं.

"मास्तर गेल्यावर लिवलं," त्या म्हणाल्या. "तिला तोंडानं सांगाया जीव व्हईना. म्हनलं, बापाच्या वह्या हायेत, कदी तरी उगडंल. तिनं उगडल्याच न्हाईत. खोकं उचललं आन तुमास्नी दिलं. तवा बी म्या काय बोलले न्हाय."

मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुमी वाचलं?"

"नाही, मावशी. तिचं नाव वाचलं तेवढंच."

त्यांनी चष्मा काढून माझं तोंड न्याहाळलं. वेदीवर उभं राहताना मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. शेवटी म्हणाल्या, "बरं केलं."

मी म्हणालो, खरवईला नेऊन देऊ का? पद्मजा सिस्टरांकडे ठेवतो, माझं तोंडही तिला दिसायला नको. त्यांनी मान हलवली. "नगं. तिची ती यील." वही उशीखाली सारली. वर हात ठेवून बसल्या.

माझं पत्र तुम्ही त्यांना वाचून दाखवलं का, किंवा फोनवर काही बोललात का, हे मी विचारलं नाही. त्यांनी स्वतःहून एवढंच सांगितलं, की तुम्ही रविवारी फोन केला होता, बीपीची गोळी घेतली का असं विचारलं आणि ठेवून दिला. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

निघताना दार ओढून घ्यायला गेलो तर हाताला काही लागेना. बाहेरची कडी नव्हती. आत बघितलं, तर आतलीही नव्हती. लाकडात नुसती स्क्रूची भोकं. मी विचारलं, मावशी, कडी कुठे गेली?

"काडली. अनंताकडून काडून घेतली."

"अहो, एकट्या राहता. कुणीही आत येईल."

"माज्याकडं काय हाये न्यायला?" मग उशीखालची वही थोडी आत सरकवत म्हणाल्या, "तिची ड्युटी कवा सुटंल, कवा यील, काय सांगता येत न्हाय. मला आताशी कमी ऐकाया येतंय, फादर. तिनं दार वाजीवलं आन मला ऐकू न्हाय आलं, तर?"

दार नुसतं लोटून आलो. ढकललं की उघडतं.

ऑल्विन